पायमोजे कोणीं विणावयाचे?

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या सुशिक्षित समाजांत अलीकडे एक ठराविक वाद सुरू होतो. मराठी हिंदु घरांत नाताळचें झाड उभें करावें कीं नाहीं, मुलांच्या उशाशीं लोकरीचा पायमोजा टांगावा कीं नाहीं, त्यांत रात्रीं गुपचुप खाऊ भरून ठेवावा कीं नाहीं, ह्या प्रश्नांवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हें परक्यांचें थेर आहे आणि तें घरांत शिरूं देणें म्हणजे संस्कृतीचा दरवाजा सताड उघडा टाकणें होय. दुसरा तट म्हणतो, मुलांच्या आनंदाला धर्म कसला? दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात. परंतु तो मोजा हातांत घेऊन, उलटा करून, आंतून कसा आहे हें दोघांपैकीं एकानेंही पाहिलेलें नसतें. आमच्या मतें ह्या वादाचा निकाल त्या आंतल्या बाजूवरच लागावयाचा आहे.

प्रथम ही चाल काय आहे तें सांगितलें पाहिजे. कारण ज्या गोष्टीवरून रण माजतें तिची माहिती रण माजविणारांना असतेच असें नाहीं. मूळची गोष्ट अगदीं साधी. मुलानें आपल्या पायांतला रोजचा मोजा धुराड्याजवळ टांगावा आणि रात्रीं संत निकोलसानें येऊन तो भरावा. १८२३ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील एका वर्तमानपत्रांत छापलेल्या एका कवितेनें ही कल्पना अमेरिकेंत घरोघर नेली. हळूहळू पायांतला मोजा मागें पडला आणि केवळ टांगण्यासाठींच विणलेला हातभर लांबीचा मोजा पुढें आला. त्यापुढची पायरी म्हणजे सबंध कुटुंबासाठीं एकाच नमुन्याचे मोजे. घरांतील जाणती स्त्री एक नमुना आणि दोन-तीन रंग ठरविते, आणि प्रत्येकासाठीं त्याच नमुन्याचा एकेक मोजा विणते. फरक असतो तो वरच्या पट्टींत विणलेल्या नांवाचा. घरांत सून आली, जांवई आला, मूल जन्मलें, कीं त्याच्या नांवाचा मोजा रांगेंत वाढतो. परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं ही चाल पाहिली, कांहींनीं उचलली, आणि त्यांच्यामागून ती पुण्यांतल्या आजोळींही येऊन पोंचली.

परकेपणाच्या आक्षेपाचा समाचार आधीं घेऊं; त्याला फार जागा देण्याचें कारण नाहीं. ‘मोजा’ हा शब्द फारशी आहे. ‘नाताळ’ पोर्तुगीज आहे. पाव आणि बटाटा हीं नांवेंही पोर्तुगीजच; आणि दर महिन्याच्या एक तारखेला संस्कृतिरक्षकसुद्धां ज्याची वाट पाहत बसलेले असतात तो पगारही त्याच गलबतांतून उतरलेला आहे. बरें, विणकामाची विद्या तरी विलायती आहे काय? तिचे जुन्यांत जुने नमुने इजिप्तमध्यें सापडले असून, युरोपानें ती अरबी जगाकडून, बहुधा स्पेनच्या वाटेनें, घेतली असें अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या मोज्याला आपण विलायती म्हणून नांवें ठेवतों तो विलायतेलाही एके काळीं परकाच होता.

आपल्याकडे ही विद्या पसरली ती मुख्यतः मिशनरी स्त्रियांच्या आणि मुलींच्या शाळांच्या द्वारें. सिंथिया फॅरार ही अमेरिकन मिशनची शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली आणि पुढें अहमदनगरास तिनें मुलींच्या शाळा चालविल्या. अशा शाळांत लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला सुईकाम असावयाचेंच. तेथून ती सुई वाड्यांत शिरली, आणि बारशाच्या पाळण्यांत कापडी कुंचीशेजारीं लोकरीचें टोपडें आणि अंगठ्याएवढे मोजे आले. ते बाळाच्या पायांत चढवितांना सोंवळ्यांतल्या पणजीबाईंनाही कांहीं विचित्र वाटलें नाहीं. लोकर तर सोंवळ्याला चालते, धाबळी नेसूनच त्यांचा स्वयंपाक होत असे!

ज्याला आणखी पुरावा पाहिजे त्यानें पौषांतल्या एखाद्या पहांटेस स्वारगेटच्या एस्. टी. स्थानकावर जाऊन उभें राहावें. सातारा, कोल्हापूर, सोलापूर इकडच्या गाड्यांतून उतरणारा महाराष्ट्र डोक्यापासून पायांपर्यंत विणलेला दिसेल: कानटोपी, गळपट्टा, स्वेटर, मोजे. त्यांत एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर घोंगडें असलें तर तेवढीच काय ती निखालस देशी लोकर. नाताळच्या मोज्याविरुद्ध लेखणी परजणारे गृहस्थ स्वतः पहांटे पर्वतीवर फिरावयास निघतात तेव्हां कानटोपी घालूनच निघतात, आणि ती कोणत्या ऋषींनीं शोधून काढली ह्याची चौकशी ते करीत नाहींत.

त्याच स्वारगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, गुरुवार पेठेंत, पंचहौद मिशन आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत तेथें पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींनीं चहा घेतला. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले ह्यांचीं नांवें त्या यादींत होतीं. पुढें ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. आज त्या चहावांचून पुण्यांतल्या सनातन्याचीही सकाळ होत नाहीं. पंचहौदाच्या परिसरांत मराठी ख्रिस्ती कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. नाताळांत मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या आणि चकल्या होतात, दारावर ताऱ्याचा कंदील लागतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचें मराठी रूप देण्यासाठीं आयुष्य वेंचलें आणि १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. हा सण परका म्हणणें म्हणजे ह्या आमच्या शेजाऱ्यांनाच परकें म्हणणें होय, आणि तें आम्हांला मान्य नाहीं. एवढें बोलून हा विषय आम्ही सोडतों.

मात्र ह्यावरून दुसऱ्या पक्षानें हर्ष मानूं नये. आमचें खरें भांडण त्याच्याशींच आहे.

हा पक्ष मोजे विकत आणतो. पांच माणसांच्या घराला पांच मोज्यांचा संच; नांवें कळविलीं कीं तीं यंत्रावर भरून मिळतात आणि चार दिवसांत पुडकें दारांत येऊन पडतें. मग मोजे टांगले जातात, छायाचित्र काढलें जातें, तें नातलगांकडे रवाना होतें, आणि त्याखालीं ‘आमच्या घरची नवी परंपरा’ असें लिहिलेलें असतें. परंपरा, तीही नवी, आणि तीही चार दिवसांत घरपोंच! आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. मोजा ही तर यंत्रयुगाच्या अगदीं आरंभाची वस्तु आहे. १५८९ सालीं विल्यम ली ह्या इंग्रजानें मोजे विणण्याचें यंत्र बनविलें. हातानें विणून पोट भरणाऱ्या गरिबांचें काय होईल ह्या चिंतेनें एलिझाबेथ राणीनें त्याला सनद नाकारली असें सांगतात. १८११ सालीं नॉटिंगहॅमकडे जे कारागीर यंत्रें फोडूं लागले आणि ज्यांच्यावरून यंत्रद्वेष्ट्यांना ‘लडाइट’ हें नांव पडलें, तेही ह्याच मोजेविणीच्या धंद्यांतले. आज हिवाळ्यांत आपल्या शहरांतून तिबेटी निर्वासित स्वेटर विकतात, त्यांतला बराचसा माल लुधियान्याच्या कारखान्यांतला असतो. थंडीनें कुडकुडणाऱ्यानें तो अवश्य घ्यावा; धागा कोणीं ओढला हें विचारीत बसण्याची सवड थंडीला नसते. परंतु टांगण्याचा मोजा ऊब देण्यासाठीं नसतोच. तो कोणाच्या पायांत जात नाहीं. आपल्यासाठीं कोणी तरी बसून तो विणला, एवढ्या एका गोष्टींत त्याचें सारें मोल आहे. ती काढून घेतली कीं उरते ती खाऊची पिशवी. पिशवीला आमची हरकत नाहीं, तिला परंपरा म्हणण्याला आहे.

रुखवताचें आपण हेंच केलें आहे. वधूच्या आणि तिच्या मैत्रिणी-मावश्यांच्या हातचें काम लोकांनीं पाहावें, म्हणून तें मांडावयाचें. आतां रुखवत भाड्यानें मिळतें. कार्यालयांत मांडणारे वेगळे, उचलणारे वेगळे. वधूला त्यांतल्या निम्म्या वस्तु प्रथमच दिसत असतात. तरी पाहुणे ‘वा! वा!’ म्हणतात, आणि तें नेमकें कोणाला म्हणतात हें कोणीच विचारीत नाहीं.

विणणें म्हणजे काय हें न जाणणाऱ्या वाचकांसाठीं थोडा हिशेब मांडतों. एका मोज्याला ६० टाक्यांचा फेर धरला आणि वरच्या कांठापासून बोटांपर्यंत १५० फेर धरले, तर एका मोज्यांत ९,००० टाके होतात, पांचांत ४५,०००. ह्यांतला प्रत्येक टाका एका सुईवरून उचलून दुसरीवर घ्यावा लागतो, आणि मधलाच एक सुटला तर तो खालीं खालीं उसवत जातो. टांचेपर्यंत काम सोपें आहे, नुसती नळीच विणावयाची असते. टांचेशीं आलें म्हणजे निम्मेच टाके घेऊन मागें-पुढें विणावें लागतें, मग ओळी अर्ध्यावरूनच वळवाव्या लागतात, तेव्हां कोठें नळीला कोन येऊन तिचें पाऊल होतें. टांच वळवितां आली कीं विणकाम आलें असें बायका म्हणतात तें खरें आहे. तेथें डोळ्यांपेक्षां मोजणीवर भरंवसा ठेवावा लागतो.

नांवाची गोष्ट ह्याहून अवघड. इंग्रजी अक्षरांचे नमुने पुस्तकांतून तयार मिळतात. देवनागरीचा नमुना बहुधा चौकटींच्या वहींत आपला आपण काढावा लागतो. साठांपैकीं पुढच्या बाजूला येणारे टाके तीस, तेवढ्यांत नांव बसलें पाहिजे. ‘रमा’ सुखानें बसते. ‘ज्ञानेश्वर’ बसवितांना जोडाक्षरें घाम काढतात. काना सरळ उतरतो, वेलांटी चौकटींत वळतांना मोडते. गंमत अशी कीं मोजा कांठापासून खालीं विणीत न्यावयाचा असतो. त्यामुळें लिहितांना बहुतेक लोक जी शिरोरेषा शेवटीं ओढतात ती येथें सर्वांत आधीं विणावी लागते, आणि सबंध नांव विणणाराला डोक्यावर उभें असलेलें दिसतें. आपल्या माणसाचें नांव असें ओळीओळीनें उलटें वाचण्यांत एक-दोन संध्याकाळी जातात. विकतच्या मोज्यावर तेंच नांव यंत्र मिनिटा-दोन मिनिटांत भरून मोकळें होतें.

आणि नमुना एक असला पाहिजे, म्हणजे काळजी आणखी वाढते. लोकरीच्या एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशीं तंतोतंत जुळत नाहीं. आठ वर्षांनीं घरांत सून आली तर तिचा लाल आणि दिराचा लाल वेगळा दिसावयाचा, आणि रांगेंत नवी कोण हें पाहुण्यालाही कळावयाचें. म्हणून शहाणी विणणारी सुरुवातीलाच दोन गुंडे जास्त घेऊन, कापडांत बांधून, कडुलिंबाच्या पाल्यासकट ट्रंकेच्या तळाशीं ठेवते. ते गुंडे अजून न आलेल्या सुनेचे आणि न जन्मलेल्या नातवंडाचे असतात. परंपरा हा शब्द आम्ही ह्या दोन गुंड्यांसाठीं वापरूं.

येथवर वाचून एखादे गृहस्थ मान डोलावतील, ‘खरेंच, मोजे हातानेंच विणलेले पाहिजेत’ असें म्हणतील, आणि सौभाग्यवतीकडे वळून पाहतील. नेमकें येथेंच आम्हांला त्यांना थांबवावयाचें आहे.

पंचेचाळीस हजार टाके कोणीं घालावयाचे? स्वयंपाक, नोकरी, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांचीं औषधें उरकून रात्रीं दहानंतर जी डोळे ताणून सुई धरते तिनेंच काय? मग ही परंपरा कुटुंबाची कशी? एकीनें विणावें, चौघांनीं टांगावें, आणि पाहुण्यांपुढें पांचवा म्हणजे घरधनी ‘आमच्याकडे ही पद्धत आहे बरें का’ असें सांगावें, ह्याला आम्ही वेठ म्हणतों. सण कोणताही असो. दिवाळीच्या फराळाला आणि गौरीच्या आराशीला हेंच लागू आहे. परकेपणाची ओरड करणारांना ही वेठ कधीं परकी वाटली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मागचा इतिहास पाहिला तर एक चमत्कारिक एकमत आढळतें. मिशनरी बाईंनीं शाळा काढली, मुलीच्या हातीं सुई दिली. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें तेव्हां सनातनी पक्षानें त्याच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना घरकामाच्या विद्या शिकवाव्या असा तिचा रोख होता. म्हणजे त्यांनाही मुलीच्या हातीं सुईच हवी होती. सुधारकांनीं स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभें करण्यासाठीं संस्था काढल्या. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं उभें राहिलेलें पुण्याचें सेवासदन हें त्यांतलें ठळक उदाहरण, आणि तेथेंही शिवणकामाला मानाचें स्थान मिळालें. निराधार स्त्रीला त्यानें चार पैसे मिळवून दिले, हा त्या सुईचा मोठाच उपकार. तिन्ही पक्ष एकमेकांचें तोंड पाहण्यास तयार नसत. तरी सुई मुलीच्या हातीं द्यावयाची ह्याविषयीं तिघांचें एकमत, आणि ती मुलाच्या हातीं देऊन पाहावी हें तिघांपैकीं एकालाही सुचलें नाहीं.

वास्तविक मराठींत विणणें हा एकच शब्द मागालाही लागतो आणि सुयांनाही. कोष्टी, साळी, सांगर ह्यांच्या घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या विणीत आले. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीचें घोंगडें सांगर मागावर विणतो, ताण्याला चिंचोक्याची खळ चढवितो, आणि त्यांत त्याला बायकी असें कांहीं वाटत नाहीं. कबीर मागावरच बसत होता. मग तेंच विणणें बाजारांत विकावयाचें असलें म्हणजे पुरुषाचा धंदा, आणि घरांत फुकट करावयाचें असलें म्हणजे बाईचा स्वभाव, हा भेद कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे?

बाहेर पाहावें तर सुयांवरचें विणकामही पुरुषांना नवें नाहीं. फ्रान्सच्या लांद प्रांतांतले मेंढपाळ उंच काठ्या पायांना बांधून दलदलींतून मेंढ्या राखीत आणि राखतां राखतां मोजे विणीत. त्यांचीं जुनीं चित्रें प्रसिद्ध आहेत. पेरू देशांत टिटिकाका सरोवरांतील ताकिले बेटावर टोप्या विणणें हें आजही पुरुषांचें काम आहे, आणि त्या बेटाच्या वस्त्रकलेचा गौरव युनेस्कोनें २००५ सालीं केला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेतील शाळांतून मुलगेसुद्धां सैनिकांसाठीं विणीत होते. पुण्यांतल्या मुलग्यांचीं बोटें त्यांच्याहून जाड आहेत असें कोणी अद्याप सिद्ध केलेलें नाहीं.

पुरुषांना सवड कोठें आहे, असा एक आक्षेप ठरलेला असतो. स्वारगेटहून कोल्हापूरच्या गाडींत बसलेल्या माणसाचे हात तासन्‌तास मोकळे असतात. २०२४ च्या सप्टेंबरांत भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. तिच्या कोणत्याही डब्यांत पाहावें, सुशिक्षित पुरुषांचे अंगठे फोनच्या कांचेवर अखंड वरखालीं चाललेले असतात. तितक्याच हालचालींत स्थानकागणिक बरेचसे टाके सहज विणून होतील.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पांच जणांनीं पांच मोजे विणले तर ते सारखे होणार नाहींत. एकच लोकर, एकच सुया आणि एकच नमुना घेऊन पांच माणसांनीं साठ साठ टाके घातले, तरी कोणाचा हात आवळ, कोणाचा सैल. एक मोजा वीतभर, एक कोपरापर्यंत. आजींचा मोजा रेखीव होईल आणि बाबांच्या मोज्याची टांच घोट्यावर येईल. आमच्या मतें ही रांग टांगण्याजोगी आहे. सर्व मोजे तंतोतंत एका मापाचे पाहिजेत हा हट्ट कारखान्याकडून आला आहे. नमुना एक ठेवला म्हणजे कुटुंब एक दिसण्यास तेवढें पुरे. आणि आपल्या नांवाचा मोजा आपण स्वतः विणूं नये. एकानें दुसऱ्याचें नांव उचलावें. बापानें मुलीचें, दिरानें वहिनीचें, नातवानें आजीचें. सासऱ्यांना सुनेचें नांव उलट्या शिरोरेषेपासून खालीं विणावें लागलें, तर ती दिवसभर काय करते ह्याचा विचार करण्यास त्यांना दोन संध्याकाळी मिळतील.

लोकर तुळशीबागेंत मिळते, सुयाही मिळतात. पहिल्या खेपेस पातळ लोकरीच्या नादीं लागूं नये. मध्यम जाडीची घ्यावी, रंग दोन पुरेत, आणि नांवें लहान करून घ्यावीं. दसऱ्याच्या सुमारास टाके घातले तर दिवाळीपर्यंत टांचेशीं येतां येतें, आणि टांच वळविण्यास नाताळपर्यंत पुरेसे दिवस उरतात. ज्या घरीं नाताळ करावयाचा नसेल त्यांनीं कोजागरी धरावी, नाहीं तर घरांतल्या बाळाचा वाढदिवस; मोज्याची त्याला हरकत नाहीं. घरांत जिला विणतां येतें तिनें पाट मांडून मध्यें बसावें आणि शिकवावें. कोणाचा टाका गळला तर तो कोठें गळला तें दाखवावें. स्वतः मात्र उचलून देऊं नये.